समोर बसलेल्या माणसासाठी बर्गर करा : बर्गर रेस्टॉरंट चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शहरोशहरी साधी, बिनथाटाची बर्गर रेस्टॉरंट चालवणारे मालक, त्यांच्या स्वयंपाकघरांची आखणी करणारे शेफ आणि शाखांचे व्यवस्थापक यांस,

विषय : टेबलावर बसून खाणाऱ्यालाही पार्सलच्या हिशेबाने बांधलेला बर्गर देण्याबाबत.

स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत तुमच्यापैकी अनेकांनी एक निर्णय घेतला. तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही, पण टेबलावर येणाऱ्या बर्गरमध्ये दिसतो. घरपोच ऑर्डरी वाढल्या, तशी स्वयंपाकघराची सगळी मांडणी त्यांच्या सोयीची झाली. पॅटी आधीच भाजून गरम कपाटात ठेवायची, बन तव्याला न लावता तसाच वापरायचा, भाज्या सकाळीच चिरून डब्यांत भरायच्या आणि बर्गर बांधून झाला की झाकणाच्या खोक्यात बंद करायचा. लांब जाणाऱ्या ऑर्डरीसाठी यातलं काही टाळता येत नसेल तर ते समजू शकतो. पण तव्यापासून दहा पावलांवर बसलेल्या माणसापुढेही तेच खोकं येतं. हे आम्हाला मान्य नाही.

आम्ही म्हणजे कामासाठी, शिक्षणासाठी, नातलगांसाठी या शहरातून त्या शहरात जाणारी आणि तिथे भूक लागली की तुमच्याकडे वळणारी माणसं. अनोळखी शहरात एकट्या माणसाला निर्धास्तपणे शिरता येईल अशा जागा फार नसतात. तुमच्याकडे टेबल आधी राखून ठेवावं लागत नाही, कपड्यांकडे कोणी बघत नाही, तिथली भाषा येत नसली तरी ऑर्डर देता येते, एकट्यानं बसलं तरी अवघडल्यासारखं होत नाही आणि अर्ध्या तासात पोटभर खाऊन बाहेर पडता येतं. म्हणून या जागा आम्हाला जवळच्या वाटतात, आणि म्हणूनच तिथला बर्गर बिघडलेला बघवत नाही.

बर्गर हा पाच-सात मिनिटांचा पदार्थ आहे. तव्यावरून उतरलेल्या पॅटीतून रस आणि वाफ बाहेर पडत असते. खालचा बन तो रस शोषू लागतो, वरचा वाफेनं ओलावतो, लेट्यूस मान टाकतं, टोमॅटोला पाणी सुटतं, वितळलेलं चीज पुन्हा आळायला लागतं. सुरुवातीला एकाच घासात गरम आणि गार, कोरडं आणि रसाळ, कुरकुरीत आणि मऊ असं सगळं दाताखाली येतं. थोड्या वेळानं हे फरक मिटतात आणि उरतो तो कोमट गोळा. झाकण लावलेल्या खोक्यात वाफेला वाट नसते, त्यामुळे हे आणखी लवकर होतं. आमच्या जवळपास सगळ्या तक्रारी इथूनच निघतात. या मिनिटांचा विचार करून स्वयंपाकघर लावणं तुम्ही सोडलं आहे.

पॅटीपासून सुरुवात करू. खिम्याच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो भाग १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही. पाणी उडालं, पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या पुढे गेला, की मेलार्ड अभिक्रिया जोर धरते आणि तपकिरी, खमंग कवच तयार होतं. बर्गरची निम्मी चव या कवचात असते. ते मिळवायचं तर तवा २०० ते २३० अंशांवर हवा आणि त्यावर गर्दी नको. जेवणाच्या वेळी ऑर्डरी साचल्या की फ्रिजमधले गार गोळे एकदम तवाभर टाकले जातात. तवा थंडावतो, सुटलेलं पाणी उडत नाही आणि पॅटी स्वतःच्याच पाण्यात उकडते. राखाडी रंगाची, कडेला पांढरट फेस आलेली पॅटी टेबलावर आली की आम्ही ओळखतो की आत काय झालं. तव्याचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेवा, पुढची खेप तिथे टाका, तोवर आधीची जागा पुन्हा तापते. यासाठी नवं यंत्र घ्यावं लागत नाही, तव्यावरच्या माणसाला तेवढी मुभा द्यावी लागते.

चपट्या, दाबलेल्या पॅटीची सध्या सगळीकडे चलती आहे, आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त चुकते. ५५ ते ८५ ग्रॅमचा गोळा फ्रिजमधून काढून थेट तव्यावर ठेवायचा आणि पहिल्या ३० सेकंदांत पूर्ण जोर लावून दाबायचा. तेव्हा आतली चरबी घट्ट असते, म्हणून दाबलं तरी काही वाहून जात नाही, उलट सगळा तळ तव्याला चिकटतो. हे एकदाच करायचं. उलटल्यावर पुन्हा दाबलं की वितळलेली चरबी आणि रस बाहेर येतात. तव्यावर जोरात चर्र होतं आणि बघणाऱ्याला वाटतं की भाजणं छान चाललंय, पण तेव्हा पॅटी कोरडी होत असते. दीडेक मिनिटात कडा जाळीदार तपकिरी झाल्या की धारदार सपाट पट्टीनं तळापासून खरवडून उलटायची, चीज ठेवायचं आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात उतरवायची. पट्टी बोथट असेल तर कवच तव्यालाच चिकटून राहतं आणि पॅटी नुसती वर येते. पट्टीला धार नसल्यामुळे वाया गेलेले बर्गर आम्ही शहरोशहरी खात आलो आहोत.

जाड पॅटीचा हिशेब वेगळा. १५० ते १८० ग्रॅम, दोन सेंटिमीटर जाडी, मध्यभागी अंगठ्यानं उथळ खळगा. खळगा नसेल तर कडा आक्रसतात, मधला भाग चेंडूसारखा फुगतो आणि वरचं सगळं घसरतं. शिजताना पॅटी आक्रसणारच, म्हणून कच्ची पॅटी बनपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंद थापायला हवी. बन मोठा आणि मधे छोटी चकती असं बरेचदा मिळतं. पहिले दोन घास नुसता पाव खावा लागतो. खिम्यात चरबी २० टक्क्यांच्या आसपास हवी. ती १० टक्क्यांवर आणली की पॅटी भुसभुशीत आणि कोरडी होते, मग तो कोरडेपणा झाकायला सॉस ओतला जातो. मीठ खिम्यात कालवू नका, तव्यावर टाकताना वरून भुरभुरवा. मीठ आधी मिसळून मळलं की मांसातली प्रथिनं विरघळून एकमेकांना धरतात आणि बर्गरऐवजी सॉसेजसारखा रबरी चावा येतो. मध्यवर्ती स्वयंपाकघरातून मळून, थापून, गोठवून आलेल्या पॅटीत हा दोष घरच करून बसलेला असतो.

आणि ते गरम कपाट. भाजलेली पॅटी झाकून गरम ठेवली की कवच आधी मऊ पडतं, मग चरबी झिरपून ट्रेमध्ये साचते. शिजवलेलं मांस ठेवून पुन्हा गरम केलं तर चरबीच्या ऑक्सिडीकरणामुळे त्याला शिळकट वास येतो; कितीही सॉस घातला तरी तो लपत नाही. चपटी पॅटी भाजायला तीन मिनिटंही लागत नाहीत. तेवढं थांबायला आमची ना नाही. ‘दोन मिनिटांत बर्गर’ अशी मागणी टेबलावर बसलेल्या आमच्यापैकी कोणी केली नव्हती.

इथे शाखांचा प्रश्न येतो. एकाच नावाची दुकानं वेगवेगळ्या शहरांत असतात आणि सगळीकडे एकच कार्ड भिंतीवर लावलेलं असतं: इतके सेकंद एका बाजूनं, इतके दुसऱ्या. पण शहर बदललं की परिस्थिती बदलते. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला पाणी उकळण्याचा बिंदू साधारण एका अंशानं खाली येतो. २,२४० मीटरवरच्या मेक्सिको सिटीत पाणी ९३ अंशांच्या आतच उकळतं. तिथे पॅटीतलं पाणी लवकर उडतं, आणि बटाटा आतून शिजायच्या आधी बाहेरून करपतो, म्हणून तेलाचं तापमान दर ३०० मीटरला दीडेक अंशानं कमी ठेवावं लागतं. समुद्रकाठच्या दमट शहरात उलट अडचण: शेकलेला बन आणि तळलेला बटाटा हवेतलाच ओलावा ओढून घेतो आणि लवकर मऊ पडतो. त्यात एका शाखेत गॅसचा तवा, दुसरीत विजेचा. एक तवा गार गोळा टाकल्यावर पाऊण मिनिटात सावरतो, दुसरा दोन मिनिटं घेतो. पाव पुरवणारा प्रत्येक गावी निराळा. अशा वेळी सेकंद मोजून बर्गर सगळीकडे सारखा कसा होणार? कार्डावर सेकंदांऐवजी खुणा लिहा: तव्याचं तापमान, कडेचा रंग, आतलं तापमान. आणि त्या खुणा वाचता येतील अशी माणसं तव्यावर उभी करा, त्यांना टिकवा. जो माणूस वर्षभर एकाच तव्यावर उभा आहे, त्याला कुठला कोपरा जास्त तापतो ते विचारावं लागत नाही.

बनकडे तर लक्षच दिलं जात नाही. कापलेली बाजू लोण्यावर किंवा मेयोच्या पातळ थरावर ४५ ते ६० सेकंद शेकली, की दोन गोष्टी होतात. वरचा थर वाळून कडक होतो, आणि त्यावर स्निग्धांशाचा पातळ पडदा बसतो. रस आत जायला त्यामुळे उशीर होतो, आणि आम्हाला हव्या असलेल्या पाच-सात मिनिटांपैकी निम्मी इथेच मिळतात. शेकणं बंद केलं की खालचा बन अर्ध्या बर्गरातच फाटतो आणि पॅटी हातात येते. अनेक ठिकाणी बन फ्रिजमध्ये ठेवलेले दिसतात. पाव फ्रिजमध्येच सगळ्यात लवकर शिळा होतो, कारण पिष्टाचे कण शून्याच्या थोड्या वरच्या तापमानाला सर्वांत वेगानं पुन्हा कडक होतात. एक-दोन दिवसांचा साठा बाहेर झाकून ठेवा. त्याहून जास्त असेल तर उणे १८ अंशांना गोठवा. मधली जागा पावाला मानवत नाही. ब्रिओशचा हट्टही थोडा सोडायला हवा. अंडी आणि लोण्याचा तो पाव दिसतो सुंदर, पण पुष्कळ ठिकाणी तो इतका गोड असतो की पॅटीची चवच मागे पडते. पिठात बटाटा घालून भाजलेला साधा बन मऊ राहतो, ओलावा धरतो आणि दाबला तरी तुटत नाही.

चीजबद्दल थोडक्यात. प्रक्रिया केलेल्या चीजला नाकं मुरडायचं कारण नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली तयार झालेलं हे चीज सायट्रेटसारख्या क्षारांमुळे एकसंध वितळतं, त्यातलं तूप वेगळं होत नाही. बर्गरवर ते शोभतं. जुनं, मुरलेलं चेडार हवं असेल तर ते किसून घाला. जाड तुकडा ठेवला तर तेल सुटतं आणि खाली चोथा राहतो. दोन्ही वेळा तव्यावर चमचाभर पाणी टाकून वर वाटीसारखं झाकण १५-२० सेकंद ठेवलं की काम होतं. गार, कडक, चौकोनी तुकडा पॅटीवर नुसता ठेवून आणला जातो, त्याला चीज वितळवणं म्हणत नाहीत.

भाज्यांचं पाणी हे बन फाटण्याचं दुसरं कारण. लेट्यूस धुतल्यावर पूर्ण कोरडं करायला हवं. पानाच्या वळचणीत राहिलेलं चमचाभर पाणी सॉस पातळ करतं. टोमॅटोची चकती अर्ध्या सेंटिमीटरची, चिमूटभर मीठ लावून कागदावर पाच मिनिटं निथळलेली. फ्रिजमध्ये ठेवलेल्या टोमॅटोचा सुगंध जातो, उरते ती नुसती आंबट गार चकती. ती घालण्यापेक्षा टोमॅटो नाही घातला तरी चालेल. कच्चा कांदा उग्र वाटत असेल तर कागदासारखा पातळ कापून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा, मग पिळून घ्या. व्हिनेगरमधल्या काकडीचे तीन-चार काप पुरतात, पण ते हवेतच, कारण चरबीला आंबटपणाचा उतारा लागतो. रचनेत पॅटी खाली, गार भाज्या वर. पॅटीखाली लेट्यूस घालणारेही आहेत, बनचा बचाव होतो असं त्यांचं म्हणणं. शेकलेल्या बनला त्या बचावाची गरज पडत नाही आणि लेट्यूस मात्र पॅटीच्या वजनाखाली शिजून जातं.

उंचीची तक्रार आम्ही जरा जोरानं करतो आहोत. मोठ्या माणसाचं तोंड पूर्ण उघडल्यावर पुढच्या दातांमध्ये साधारण चार ते पाच सेंटिमीटर अंतर पडतं. हातानं दाबल्यावर बर्गर तेवढ्यात बसला पाहिजे. म्हणजे न दाबता सात-आठ सेंटिमीटर ही कमाल मर्यादा झाली. पण फोटोसाठी रचलेले बर्गर १२-१५ सेंटिमीटरचे येतात, मधून लांब बांबूची काडी, वर तळलेली कांद्याची कडी. काडी काढली की बुरूज ढासळतो. मग काटा-चमच्यानं एकेक थर वेगळा खायचा, म्हणजे बर्गर म्हणून तो उरतच नाही. दोन पातळ पॅटी पुरेशा आहेत. तिसरी घालायची असेल तर दुसरं काहीतरी काढा. लाकडी फळीवर वाढणंही थांबवा: रस फळीवरून टेबलावर येतो, आणि चिरा पडलेली फळी नीट धुऊन निघत नाही. कडा असलेली साधी ताटली किंवा बटर पेपर घातलेला ट्रे बरा. आणि हात धुवायला बेसिन. हातानं खायचा पदार्थ विकणाऱ्या जागेत ते नसावं, हे आम्हाला समजत नाही.

बटाट्याच्या फ्राइजचं आयुष्य बर्गरपेक्षाही कमी. पिठूळ बटाटा, सेंटिमीटरभर जाडीचे काप, वरचा स्टार्च जाईपर्यंत धुतलेले आणि पुसून कोरडे केलेले. पहिलं तळणं १५० अंशांच्या आसपास पाच-सहा मिनिटं, आत शिजण्यापुरतं. मग पसरून गार. ऑर्डर आल्यावर दुसरं तळणं १७५ अंशांच्या जरा खाली, सोनेरी होईपर्यंत. याच्या वर जाऊ नका, गडद तपकिरी करू नका. बटाट्यासारख्या पदार्थात जास्त उष्णतेला ॲक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन तयार होतं हे २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, आणि २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या नियमातही तळणं १७५ अंशांखाली ठेवायला आणि बटाटे ६ अंशांच्या वर साठवायला सांगितलं आहे. बटाटा फार गार ठेवला की त्यात साखर वाढते आणि तो लवकर काळा पडतो. शहरोशहरी मिळणाऱ्या डागाळलेल्या, आत कच्च्या फ्राइजचं हे एक मोठं कारण आहे. तेल कधी बदलायचं हे डोळ्यांवर सोडू नका. पुष्कळ देशांत तेलातल्या ध्रुवीय घटकांची (तेल तापून खराब होत जातं तसे वाढणारे घटक) मर्यादा २४ ते २७ टक्क्यांच्या दरम्यान आखलेली आहे आणि ती मोजायची हातातली उपकरणं मिळतात. फेस लवकर न बसणं, धूर लवकर येणं, जिभेवर चिकट थर राहणं या आमच्या खुणा आहेत. त्या आमच्यापर्यंत पोचायच्या आत तेल बदललेलं असावं.

शाकाहारी बर्गर मागणाऱ्यांना तुम्ही दुय्यम वागवता, हे स्पष्ट सांगायला हवं. घेवड्याच्या किंवा राजम्याच्या दाण्यांची पॅटी मऊ, ओली आणि दाबली की चारी बाजूंनी बाहेर येणारी, कारण दाणे शिजवून थेट कुस्करले जातात. शिजवलेले दाणे १६० अंशांच्या भट्टीत १५-२० मिनिटं पसरून वाळवले, त्यातले थोडे भरडच ठेवले, बांधायला ब्रेडक्रम्ब किंवा शिजवलेला तांदूळ घातला आणि थापल्यावर तासभर फ्रिजमध्ये ठेवलं, तर पॅटी धरून राहते आणि तव्यावर तिलाही कवच येतं. ती मांसाच्याच तव्यावर, त्याच पट्टीनं भाजली जात असेल तर तसं आधी सांगा. लपवून ठेवणं ही फसवणूक आहे. ॲलर्जीचंही तसंच: बनवरचे तीळ, ब्रिओशमधली अंडी आणि दूध, मेयोतली अंडी, शाकाहारी पॅटीतला गहू या गोष्टी मेनूवर पदार्थाच्या खालीच लिहिलेल्या हव्यात. काउंटरवरच्या नव्या मुलाच्या आठवणीवर कोणाचा जीव सोडू नये.

आता सुरक्षिततेचा मुद्दा, जिथे चवीच्या आवडीनिवडीला जागा नाही. मांसाच्या अखंड तुकड्यावर जिवाणू बहुतेक पृष्ठभागावर असतात, तो भाजला की मरतात. खिमा केला की पृष्ठभाग आत जातो आणि जिवाणूही सगळीकडे मिसळतात. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात कमी शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ हा घातक जिवाणू पसरला. ७०० हून जास्त माणसं आजारी पडली, चार मुलं दगावली. त्यानंतर १९९४ मध्ये तिथल्या कृषी खात्यानं खिम्यातला हा जिवाणू भेसळ ठरवला. बीफच्या खिम्यासाठी तिथलं अधिकृत आतलं तापमान ७१ अंश आहे, चिकनसाठी ७४. ब्रिटनमध्ये ७० अंशांवर दोन मिनिटं असा दंडक आहे. रंगावर भरवसा ठेवता येत नाही, कारण काही खिमा सुरक्षित तापमान गाठायच्या आतच तपकिरी होतो. सळईचा थर्मामीटर पॅटीच्या कडेनं मध्यापर्यंत आडवा घाला. वरून खुपसला तर टोक आरपार जाऊन तव्याचं तापमान दाखवतं. कच्च्या खिम्याला लागलेलं उलथनं आणि हातमोजे तयार बनला लावू नका. हातमोज्यांनी खिमा उचलून त्याच हातांनी लेट्यूस घालणाऱ्यांना आम्ही काउंटरवरून बघतो, आणि गप्प राहतो. यापुढे राहणार नाही.

वाफ वाईटच असते असं आमचं म्हणणं नाही. इस्तंबूलच्या तक्सीम चौकातला ओला बर्गर टोमॅटो-लसणाच्या सॉसनं भिजवून काचेच्या वाफाळत्या पेटीत ठेवलेला असतो, आणि तो तसाच चांगला लागतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये मेरिडेनच्या आसपास मांस आणि चीज दोन्ही वाफेच्या कपाटात शिजवतात. ओक्लाहोमातल्या एल रीनोत कांद्याचा मोठा ढीग खिम्यात दाबून तव्यावर भाजतात. कांदा पातळ कापलेला नसेल तर जमतच नाही. मिनियापोलिसमध्ये चीज पॅटीच्या पोटात भरतात, म्हणून तिथे पहिला घास जपून घ्यावा लागतो. या सगळ्यांनी पाव, मांस, कांदा, उष्णता यांचा एकमेकांशी मेळ घालून, विचार करून काहीतरी ठरवलेलं आहे. इस्तंबूलचा बन ओला व्हावा म्हणूनच ओला केला जातो. तुमच्या खोक्यातला बन कोणी ठरवलं नसताना ओला होतो. आणि शहर कुठलंही असो, आज नव्यानं उघडणाऱ्या दहातल्या बहुतेक दुकानांत तोच चकचकीत ब्रिओश, तोच ट्रफल या महागड्या कवकाच्या वासाचा मेयो, तीच काळी पार्श्वभूमी असलेली मेनूपाटी असते. प्रवास करून आलेल्या माणसाला त्या जागेचं असं काहीच मिळत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

टेबलावर बसलेल्यांच्या ऑर्डरी पार्सलच्या रांगेतून वेगळ्या काढा आणि तव्याचा ठरावीक भाग त्यांच्यासाठी राखा. त्यांची पॅटी ऑर्डर आल्यावरच तव्यावर जाऊ द्या. वेळ लागणार असेल तर किती, ते काउंटरवर सांगा. बर्गर उघड्या ताटलीत किंवा सैल गुंडाळलेल्या कागदात द्या, झाकणाच्या खोक्यात नाही. फ्राइज बर्गरच्या आधी तळून दिव्याखाली ठेवू नका. बर्गर बांधायला घेतला की दुसऱ्या तळणाला टाका, म्हणजे दोन्ही एकदम येतील.

बन शेकणं पुन्हा सुरू करा. प्रत्येक तव्याशी एक थर्मामीटर आणि एक धारदार पट्टी असू द्या, आणि ती वापरायला शिकवायला वेळ द्या. मेनू छोटा करा. १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत मॅकडोनल्ड बंधूंनी आपलं चालतं दुकान बंद ठेवून यादी नऊ पदार्थांवर आणली, तेव्हाच त्यांना कामाचा वेग साधला. २८ प्रकारचे बर्गर ताजे करता येत नाहीत, म्हणून ते कपाटात ठेवावे लागतात. सहा ठेवा, त्यातला एक तुमच्या शहराचा असू द्या.

पार्सलसाठीही एवढं करा: खोक्याला वाफ जायला भोकं, सॉस आणि टोमॅटो वेगळे, फ्राइज कागदी पिशवीत, पिशवीचं तोंड उघडं. आणि ज्या बर्गरला अर्धा तास प्रवास सोसत नाही, तो घरपोच यादीतून काढून टाका. नुकसान होईल ते थोडंच, आणि तो खायला लोक तुमच्याकडे येतील.

यातलं काय करणार आणि काय करणार नाही, ते दुकानाच्या दारावर लिहून लावा. आम्ही वाचून आत येऊ.

कळावे,

तुमच्या टेबलांवर बसणारे ग्राहक